वाण नाही, पण गुण लागला : धातूशेजारचा क्वांटम डॉट आणि ‘किती पट?’चा हिशेब

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण माणसांच्या संगतीविषयी वापरतो, आणि तीही बहुधा नाराजीच्या सुरात. या लेखात ती मी एका वेगळ्याच जोडीला लावणार आहे. जोडीतला पवळ्या म्हणजे क्वांटम डॉट, अर्धवाहक पदार्थाचा काही नॅनोमीटर आकाराचा स्फटिक. ढवळ्या म्हणजे सोन्याचा किंवा चांदीचा थर, मिठाईवरच्या वर्खापेक्षाही पातळ. दोघांना शेजारी ठेवले की डॉटचा रंग बहुतेक प्रयोगांत होता तोच राहतो. पण तो किती उजळ दिसतो, किती लवकर विझतो, लुकलुकतो की स्थिर राहतो, प्रकाश कोणत्या दिशेला टाकतो, हे सगळे बदलते. वाण तेच, गुण निराळे.

या विषयावर गेल्या काही दशकांत झालेले लेखन दोन सुरांत वाचायला मिळते. एक सूर म्हणतो, धातू प्रकाश मारतो. दुसरा म्हणतो, धातू प्रकाश पाचपट, वीसपट, हजारपट वाढवतो. दोन्ही सुरांना प्रयोगांचा आधार आहे, त्यामुळे वाचणारा गोंधळतो आणि अखेर ज्याचा आकडा मोठा त्याचे ऐकतो. मी प्रयोगशाळेतला माणूस नाही. छापून आलेले शोधनिबंध वाचणे आणि त्यांतली एक संख्या दुसरीशी ताडून पाहणे एवढेच माझे साधन आहे. त्या वाचनातून झालेले माझे मत असे की दोन्ही सूर अपुरे आहेत. ‘किती पट?’ या प्रश्नाआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. अंतर किती होते? मोजले काय, उजेड की वेळ? आणि पट काढली ती कशाच्या? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणतीही ‘पट’ मान्य करू नये.

ठिपका म्हणजे काय

२०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना क्वांटम डॉटच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी मिळाले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत आले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कॅडमियम सेलेनाइडचा स्फटिक दोन ते सहा-सात नॅनोमीटर इतका लहान केला की त्यातल्या इलेक्ट्रॉनला हिंडायला जागा उरत नाही. या कोंडीमुळे त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या बदलतात. स्फटिक लहान असेल तर प्रकाश निळा-हिरवा, मोठा असेल तर तांबडा. पदार्थ एकच, आकार बदलला की रंग बदलतो. हा झाला ठिपक्याचा वाण, आणि तो त्याच्या स्वतःच्या शरीरातून ठरतो.

ठिपक्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की तो ऊर्जा शोषतो, उद्दीपित होतो आणि काही वेळाने स्वतःच्या रंगाचा एक फोटॉन सोडून शांत होतो. ‘काही वेळाने’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. खोलीच्या तापमानाला कॅडमियम सेलेनाइडच्या ठिपक्याला यासाठी सरासरी दहा-वीस नॅनोसेकंद लागतात. याला उद्दीपित अवस्थेचे आयुर्मान म्हणतात. शोषलेल्या दर शंभर ऊर्जाकणांपैकी किती फोटॉन म्हणून बाहेर येतात, याला मी ‘उतारा’ म्हणेन. साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात तसाच हा. शंभरातले नव्वद बाहेर आले तर उतारा ९० टक्के, उरलेल्या दहांची ऊर्जा आतल्या आत उष्णतेत गेली.

आयुर्मान आणि उतारा ही दोन वेगळी मापे आहेत. पुढचा सगळा घोटाळा ती एकच समजण्यातून होतो.

कोनाड्यातली पणती

भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेली पणती मोकळ्या अंगणातल्या पणतीपेक्षा समोरून जास्त उजळ वाटते. मागची पांढरी भिंत प्रकाश पुढे परतवते, एवढेच त्यामागचे कारण. ज्योत जास्त जळत नाही, तेलही जास्त लागत नाही. धातूच्या आरशासमोरचा प्रकाशस्रोत हा असाच प्रकार आहे अशी आपली सहज समजूत असते. स्रोत आपल्या जागी, आरसा आपल्या जागी. प्रकाश निघून गेल्यावर आरसा फक्त त्याची दिशा बदलतो.

ही समजूत अणू-रेणूंच्या पातळीवर चुकीची आहे, हे दाखवणारा एक अतिशय छोटा मजकूर १९४६ साली एडवर्ड पर्सेल यांनी प्रसिद्ध केला. पर्सेल यांचा विषय दृश्य प्रकाश नव्हता. अणुकेंद्राचे चुंबकत्व आणि रेडिओलहरी हा त्यांचा प्रांत. सेकंदाला एक कोटी आवर्तनांच्या लहरीवर एकटे अणुकेंद्र आपण होऊन ऊर्जा सोडून शांत व्हायचे म्हटले तर त्याला सुमारे ५ वर एकवीस शून्ये इतके सेकंद लागतील, असा त्यांचा हिशेब होता. विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दहा हजारपटींहून हा काळ मोठा आहे. पण त्याच पदार्थात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या व्यासाचे धातूचे कण मिसळले तर हाच काळ मिनिटांच्या घरात येईल, असे त्यांनी मांडले. शेजारी कोण आहे यावर उत्सर्जनाचा वेग अवलंबून असतो, ही कल्पना आज त्यांच्याच नावाने, ‘पर्सेल परिणाम’ म्हणून ओळखली जाते. या कल्पनेच्या पहिल्याच मांडणीत धातूचे कण आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत याचा पुरावा १९६०च्या दशकात जर्मनीत मारबुर्ग येथे हान्स कून यांच्या प्रयोगशाळेत कार्ल हाइन्त्स ड्रेक्सहागे यांनी दिला. क्वांटम डॉट तेव्हा नव्हते. त्यांनी युरोपियम या मूलद्रव्याचे तांबडा प्रकाश देणारे संयुग घेतले. आरशावर मेदाम्लाच्या रेणूंचे एकेक थर चढवले आणि सगळ्यात वर युरोपियमचा थर ठेवला. एका थराची जाडी सुमारे अडीच नॅनोमीटर असल्याने थर मोजले की अंतर कळे. मग दर अंतराला युरोपियमचा प्रकाश विझायला किती वेळ लागतो ते त्यांनी मोजले. अंतर वाढत गेले तसे आयुर्मान कमी-जास्त, कमी-जास्त असे हेलकावत गेले, आणि आरशाच्या अगदी जवळ ते एकदम कोसळले.

दिशाच काय ती बदलत असती, तर घड्याळ बदलण्याचे काही कारण नव्हते. घड्याळ बदलले याचा अर्थ ज्योतच वेगळ्या तऱ्हेने जळू लागली होती. स्रोतातून निघालेली लहर आरशावर आपटून परत येते आणि अजून ऊर्जा सोडत असलेल्या त्याच स्रोताला धक्का देते. धक्का तालात बसला तर उत्सर्जन लवकर होते, तालाविरुद्ध बसला तर रेंगाळते. याचे गणित पुढे १९७८ साली चान्स, प्रॉक आणि सिल्बी यांनी सविस्तर मांडले, आणि त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो झोमरफेल्ड यांच्या १९०९ सालच्या कामाचा. जमिनीवर उभ्या केलेल्या रेडिओ अँटेनाच्या लहरींवर खालच्या जमिनीचा काय परिणाम होतो, हा झोमरफेल्ड यांचा प्रश्न होता. अँटेनाच्या जागी रेणू आणि जमिनीच्या जागी चांदी घातली, की तेच गणित लागू पडते.

पहिला प्रश्न : अंतर

सपाट धातूच्या थरापासून ठिपका शेकडो नॅनोमीटरवर असेल तर ड्रेक्सहागे यांना दिसलेले हेलकावे दिसतात. अंतर कमी होत दहा-वीस ते शंभर नॅनोमीटरच्या टापूत आले की दुसरी वाट उघडते. धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा समुदाय पृष्ठभागावर लाटेसारखा डोलू शकतो. या लाटेला पृष्ठ-प्लाझ्मॉन म्हणतात. ठिपक्याची ऊर्जा फोटॉन होण्याऐवजी या लाटेत जाते. सपाट थरावर ही लाट बाहेर निसटू शकत नाही, थोडे अंतर वाहून धातूतच विरते. थर खडबडीत किंवा नक्षीदार असेल तर मात्र लाटेतली ऊर्जा पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडू शकते. एकाच धातूच्या सपाट आणि खडबडीत थरांवर वेगळे निष्कर्ष येतात ते यामुळे.

अंतर याहून कमी, म्हणजे दहा नॅनोमीटरच्याही आत आले, की तिसरी वाट इतर दोन्हींना मागे टाकते. ठिपक्याच्या जवळचे विद्युतक्षेत्र थेट धातूतल्या इलेक्ट्रॉनांना ढकलते आणि ऊर्जा जागच्या जागी उष्णता होते. ही वाट अंतर घटेल तशी फार वेगाने रुंदावते. धातू किती जाड आणि ऊर्जा त्याच्या पृष्ठभागात जिरते की पोटात, त्यानुसार हा वेग अंतराच्या तिसऱ्या किंवा चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. अंतर निम्मे केले की गळती आठपट किंवा सोळापट होते.

मग ‘संपर्क’ म्हणजे काय? शोधनिबंधांत हा शब्द सैलपणे वापरला जातो. कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्याभोवती बहुधा झिंक सल्फाइडचे कवच असते आणि त्याबाहेर सेंद्रिय रेणूंची झालर. ठिपका धातूवर टेकला तरी त्याच्या केंद्रापासून धातूपर्यंत चार-पाच नॅनोमीटर उरतातच. म्हणजे ज्याला आपण संपर्क म्हणतो त्यातही एक अंतर असते, आणि ते ठिपक्याने स्वतःबरोबर आणलेले असते. कवच पातळ असेल किंवा झालर काढून टाकली असेल, तर आणखी एक गोष्ट घडू शकते. ऊर्जा नव्हे, तर खुद्द इलेक्ट्रॉनच ठिपक्यातून धातूत जातो. ही देवघेव एखाद्या नॅनोमीटरच्या फरकाने सुरू किंवा बंद होते. ऊर्जा जाणे आणि इलेक्ट्रॉन जाणे या दोन भिन्न घटना आहेत. बाहेरून मात्र दोन्हींचा परिणाम सारखा दिसतो: उजेड कमी झाला. कवच किती जाड होते हे न सांगता ‘धातूच्या संपर्काने प्रकाश कमी झाला’ असे लिहिणारा निबंध म्हणूनच अर्धवट माहिती देतो.

याची व्यावहारिक बाजूही आहे. क्यूएलईडी या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य दूरचित्रवाणी संचांत ठिपके एका पारदर्शक पडद्यात बसवलेले असतात आणि मागच्या निळ्या दिव्याचा प्रकाश शोषून हिरवा-तांबडा प्रकाश देतात. तिथे धातूचा संबंधच नाही. पण ठिपक्यांना थेट विजेने पेटवायचे असेल तर दोन्ही बाजूंना विद्युताग्रे लागतात आणि त्यांतले एक बहुधा धातूचे असते. ठिपके आणि हा धातू यांच्यामध्ये झिंक ऑक्साइडसारखा थर घालतात. त्याचे मुख्य काम इलेक्ट्रॉन पोचवण्याचे, पण ठिपक्यांना धातूपासून दूर ठेवण्याचे कामही तोच करतो.

दुसरा प्रश्न : उजेड की वेळ

२००२ सालचे दोन निबंध मी एकत्र वाचायला सुचवेन. पहिला एमआयटीतल्या बावेंडी यांच्या गटाचा, शिमिझू आणि सहकाऱ्यांचा. खडबडीत सोन्याच्या थरावर त्यांनी झिंक सल्फाइडचे कवच असलेले ठिपके ठेवले आणि एकेका ठिपक्याचे निरीक्षण केले. उजेड पाचपट झाला. प्रकाशाचे ध्रुवण रेषीय झाले. आयुर्मान हजारपटीहून अधिक घटले. आणि ठिपक्यांचे लुकलुकणे ठळकपणे कमी झाले.

लुकलुकण्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. एकटा ठिपका सतत प्रकाश देत नाही, मध्येच विझतो आणि मध्येच पेटतो, हे १९९६ साली मनोज निर्मल आणि सहकाऱ्यांनी दाखवले. ठिपक्यावर एखादा जादा विद्युतभार अडकला की नव्याने शोषलेली ऊर्जा फोटॉन न होता त्या भारालाच दिली जाते, आणि ठिपका काळोखा होतो. ही आतली चोरी फार चपळ असते. पण सोन्याजवळ उत्सर्जन इतके वेगवान झाले की ते या चोरीच्या बरोबरीने धावू लागले, आणि भारित ठिपक्याचाही प्रकाश दिसू लागला. धातूने ठिपक्याचा दोष काढला नाही. दोष कामाला लागायच्या आत काम उरकायला लावले. हे या निबंधाचे खरे यश आहे, असे मला वाटते.

पण पुढे या प्रयोगाचे नाव घेताना बहुतेक जण ‘पाचपट उजेड’ तेवढा उचलतात. त्याच्याच शेजारचा ‘हजारपट वेग’ आणि हा ‘पाचपट उजेड’ यांच्यातली तफावत कोणी विचारात घेत नाही. वेग हजारपट झाला तर उजेडही हजारपट का होऊ नये?

टाकीचे उदाहरण घेऊ. टाकीत वरून थेंब थेंब पाणी पडते आहे. खालचा नळ मोठा केला म्हणून बादलीत पाणी जास्त येत नाही, कारण वरून येणारे तेवढेच आहे. टाकी फक्त लवकर रिकामी होते. आयुर्मान घटणे म्हणजे नळ मोठा होणे. शिवाय टाकीला आता दोन नळ आहेत, एक बादलीत जाणारा आणि एक गटारात. आयुर्मान मोजणारे घड्याळ टाकी किती लवकर रिकामी झाली एवढेच सांगते, कोणत्या नळाने ते सांगत नाही. म्हणून ‘आयुर्मान हजारपट घटले, म्हणजे उत्सर्जन हजारपट वाढले’ हे वाक्य चूक आहे. घटलेल्या आयुर्मानात प्रकाशाचा वाटा किती आणि उष्णतेचा किती, हे उजेड स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि उजेड वाढला तरी तो नळामुळे वाढला की वरून पडणारे पाणी वाढल्यामुळे, हा प्रश्न उरतोच. खडबडीत धातूच्या टोकांजवळ येणारा प्रकाशही एकवटतो, त्यामुळे ठिपका मुळात जास्त ऊर्जा शोषतो.

त्याच वर्षी मिन्स्कमध्ये ओल्गा कुलाकोविच आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांवर विद्युतभारित बहुवारिकांचे थर एकावर एक चढवून वर ठिपके ठेवले. ड्रेक्सहागे यांच्या पद्धतीचेच हे नवे रूप. सर्वाधिक वाढ, तीही पाचपटच, नऊ थरांवर म्हणजे सुमारे ११ नॅनोमीटर अंतरावर मिळाली. दोन्ही निबंधांत आकडा पाचच आहे, पण दोन्ही ‘पाच’ एकच गोष्ट सांगत नाहीत. पहिल्यात एकेकट्या ठिपक्याचे वर्तन आहे, दुसऱ्यात समूहाची सरासरी. पहिल्यात अंतर ठिपक्याच्या स्वतःच्या कवच-झालरीचे, दुसऱ्यात हेतुपूर्वक ठेवलेले.

या दोन्हींना जोडणारा दुवा २००६ साली मिळाला. रोचेस्टरमध्ये अँगर, भारद्वाज आणि नोवोत्नी यांनी, तसेच झुरिचमध्ये संदोगदार यांच्या गटाने, सोन्याचा एकच कण एका टोकावर बसवून तो एकाच रेणूच्या जवळ नेला. प्रकाश देणारा इथे ठिपका नाही, रंगद्रव्याचा रेणू आहे. पण प्रश्न तोच. झुरिचच्या गटाला वीसपटीहून अधिक वाढ मिळाली. रोचेस्टरच्या प्रयोगात कण जवळ येताना उजेड आधी वाढत गेला, काही नॅनोमीटरवर शिखराला पोचला आणि त्याहून जवळ जाताच घसरला. तोच कण, तोच रेणू. धातू मारतो की वाढवतो या वादाचा निकाल इथे लागायला हरकत नव्हती: दोन्ही पक्ष एकाच वक्ररेषेच्या दोन उतारांवर उभे होते.

तिसरा प्रश्न : कशाच्या पट

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. एक छोटा हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.

समजा एक ठिपका उनाड आहे. त्याचा प्रकाशाचा नळ १ मापाचा, आतल्या गळतीचा ९ मापाचा. उतारा १० टक्के. दुसरा गुणी आहे. प्रकाशाचा नळ ९, गळती १. उतारा ९० टक्के. दोघांना एकाच धातूजवळ एकाच अंतरावर ठेवले. हा धातू प्रकाशाचा नळ ९ पट करतो आणि तेवढ्याच मापाचा स्वतःचा एक गटारी नळ जोडतो.

उनाडाचा हिशेब: प्रकाश ९, जुनी गळती ९, धातूची गळती ९. उतारा सत्तावीसात नऊ, म्हणजे ३३ टक्के. पूर्वीच्या तिपटीहून जास्त. गुणी ठिपक्याचा हिशेब: प्रकाश ८१, जुनी गळती १, धातूची गळती ८१. उतारा ५० टक्क्यांच्या किंचित खाली. पूर्वीच्या नव्वदावरून जवळजवळ निम्म्यावर. आयुर्मान पाहिले तर उनाडाचे तिपटीहून थोडे कमी घटले, गुणी ठिपक्याचे सोळापट घटले. घड्याळ पाहणारा म्हणेल, गुणी ठिपक्यावर धातूचा प्रभाव जास्त. उतारा पाहणारा म्हणेल, धातूने त्याचे नुकसान केले. दोघेही खरे बोलत आहेत.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. ‘धातूने उतारा अमुक पट वाढवला’ हे वाक्य धातूबद्दल जितके सांगते तितकेच मूळ ठिपका किती वाईट होता याबद्दलही सांगते. नव्वद टक्के उताऱ्याचा ठिपका कितीही कौशल्याने धातूजवळ ठेवला तरी त्याचा उतारा दुप्पट होऊ शकत नाही, कारण शंभराच्या पुढे जागाच नाही. मोठी पट हवी असेल तर वाईट ठिपका निवडावा, हा या हिशेबातला गैरसोयीचा अर्थ आहे.

शेजारच्या एका क्षेत्रातले उदाहरण पाहू. २००४ साली कोइची ओकामोटो आणि सहकाऱ्यांनी निळ्या एलईडीसाठी वापरल्या जाणाऱ्या इंडियम-गॅलियम नायट्राइडच्या थरापासून १० नॅनोमीटरवर धातूचा लेप दिला. हे ठिपके नव्हेत, ‘क्वांटम वेल’ म्हणजे सपाट थर आहेत, पण तत्त्व तेच. चांदीने प्रकाश १४ पट झाला, ॲल्युमिनियमने ८ पट, सोन्याने काहीच वाढ झाली नाही. सोन्याचे अपयश समजण्यासारखे आहे. निळ्या रंगाला सोने साथ देत नाही, तो रंग ते शोषून घेते. म्हणूनच तर ते पिवळे दिसते. धातूची निवड ठिपक्याचा रंग पाहून करायची असते, किंमत पाहून नव्हे. पण ‘१४ पट’ वाचताना हेही वाचायला हवे की लेपाविना आतला उतारा अवघा ६ टक्क्यांच्या आसपास होता आणि चांदीने तो ४० टक्क्यांच्या घरात गेला. ही सुधारणा मोठीच आहे. पण ८० टक्के उताऱ्याच्या थराला याच चांदीने असाच लाभ होईल असे या आकड्यावरून म्हणता येणार नाही.

२०१६ सालचा मिकेल्सन यांच्या ड्यूक विद्यापीठातील गटाचा निबंध या मालिकेतला सर्वांत झगझगीत म्हणावा लागेल. सोन्याच्या थरावर चांदीचा अतिसूक्ष्म घन ठेवला आणि दोघांमधल्या चिंचोळ्या फटीत एकच ठिपका अडकवला. आयुर्मान ५४० पट घटले, सुमारे १० पिकोसेकंदांवर आले. एकूण उजेड १९०० पट झाला. हा निबंध मला आवडतो, कारण दोन्ही आकडे तो शेजारी-शेजारी ठेवतो आणि प्रकाश एका झोतात वरच्या दिशेला जातो हेही सांगतो. १९०० हा आकडा मग गुणाकार म्हणून वाचता येतो. फटीत येणारा प्रकाश एकवटल्याने ठिपका जास्त शोषतो, हा एक गुणक. झोत थेट भिंगाकडे जातो, काचेवरच्या ठिपक्यासारखा चहूकडे विखुरत नाही, हा दुसरा. उताऱ्यातला बदल तिसरा. यांतला दुसरा गुणक म्हणजे आपला कोनाडाच आहे: प्रकाश तोच, फक्त आपल्याकडे वळवलेला.

मग ५४०चे महत्त्व काय? एका वेळी एकच फोटॉन सोडणारा स्रोत गुप्त संदेशवहनासाठी हवा असतो. असा स्रोत एक फोटॉन सोडून पुन्हा सज्ज व्हायला जितका वेळ घेईल, त्यावर सेकंदाला किती फोटॉन मिळतील हे ठरते. टाकी भरणारी धार भरपूर असेल तेव्हा नळाचा आकारच निर्णायक. म्हणजे या कामासाठी वेग हाच खरा गुण, आणि दिवा किंवा पडदा बनवणाऱ्यासाठी उतारा हा खरा गुण. कोणता आकडा मोठा यापेक्षा कोणता आकडा कोणत्या कामाचा, हे सांगणे निबंध लिहिणाऱ्याचे काम आहे.

‘शमन’ या शब्दाविषयी

शेवटी एक भाषेचा मुद्दा. धातूजवळ उजेड कमी होण्याला आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत ‘शमन’ म्हणतात, आणि उजेड वाढण्याला ‘वृद्धी’. दोन्ही शब्द आपल्याला बाहेरून पाहणाऱ्याच्या जागी उभे करतात. शमन म्हणताना आग विझल्याचा भास होतो, ऊर्जा नाहीशी झाल्यासारखी वाटते. वास्तविक ती कुठे तरी गेलेली असते.

रामन परिणामाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. १९७४ साली फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खडबडीत चांदीवर चिकटलेल्या रेणूंपासून रामन-प्रकाश अनपेक्षितपणे प्रबळ मिळाला, आणि धातूमुळे तो किती वाढतो हे पुढच्या काही वर्षांत कळले. तिथे रेणू धातूला जितका चिकटलेला तितके चांगले. मग तोच धातू प्रतिदीप्त रेणूला किंवा ठिपक्याला जवळ येताच का लुटतो? कारण रामन विखुरणात ऊर्जा रेणूत मुक्काम करत नाही, आली तशी विखुरते. ठिपक्यात ती काही नॅनोसेकंद थांबते. त्या मुक्कामातच धातूला हात घालायला वेळ मिळतो. याला ‘शमन’पेक्षा ‘ऊर्जेची पळवापळवी’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

आणि पळवलेली ऊर्जा दर वेळी वायाच जाते असेही नाही. २००७ साली हार्वर्डमध्ये आकिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या अतिसूक्ष्म तारेशेजारी ठिपका ठेवला. ठिपक्याने सोडलेली ऊर्जा प्लाझ्मॉन होऊन तारेवरून धावली आणि तारेच्या टोकाशी पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडली. ठिपक्याच्याच जागी नजर ठेवून बसलेला निरीक्षक म्हणाला असता, उजेड कमी झाला, शमन झाले. तारेच्या टोकाशी बसलेला म्हणाला असता, इथे नवा दिवा लागला. दोघांना आपापल्या नोंदी जुळवून पाहाव्या लागल्या असत्या.

धातूजवळच्या ठिपक्यांविषयीचे लेखन वाचताना असे जुळवून पाहण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. ‘पाचपट’, ‘१४ पट’, ‘१९०० पट’ हे आकडे खोटे नाहीत. मूळ निबंधांत बहुधा त्यांच्या अटीही दिलेल्या असतात. त्या अटी गळतात त्या पुढच्या प्रवासात, एका निबंधातून दुसऱ्यात, तिथून बातमीत आणि बातमीतून जाहिरातीत. तेव्हा आकडा पुढे येईल तिथे त्याला मागे वळून विचारावे: अंतर किती, मोजले काय, आणि पट कशाच्या? ज्या आकड्याला ही तीन उत्तरे देता येत नाहीत, तो ढवळ्याचा गुण सांगतो की पवळ्याचा, हे ठरवता येणार नाही.